तोंड बघून उघडणारं दार

2009 सालच्या फेब्रुवारीत वॉशिंग्टनजवळ ‘ब्लॅक हॅट’ ही सुरक्षातज्ज्ञांची परिषद भरली होती. तिथे व्हिएतनामच्या बीकिस या संस्थेतल्या संशोधकांनी लेनोवो, आसूस आणि तोशिबा या तीन बड्या नावांची लक्तरं वेशीवर टांगली. तिन्ही कंपन्यांच्या काही लॅपटॉपमध्ये तेव्हा एक नवी सोय आली होती. पासवर्ड टाइप करायची गरज नाही, वेबकॅमपुढे बसा, यंत्र तुम्हाला ओळखेल आणि आत घेईल. संशोधकांनी कॅमेऱ्यापुढे माणसाऐवजी त्याचा फोटो धरला आणि यंत्रं उघडली. फोटोतला उजेड जुळत नसेल तर तो संगणकावर थोडा कमी-जास्त करायचा आणि पुन्हा दाखवायचा, एवढीच काय ती मेहनत. आणि फोटो मिळवायला तर चोरीही करावी लागत नव्हती. लोक ते आपण होऊन जगजाहीर करायला लागले होते.

त्यानंतर दीड दशक उलटलं आणि मधल्या काळात फोनने आपल्याला सवय लावली. 2017 मध्ये आयफोनवर फेस आयडी आला, पाठोपाठ स्वस्त फोनही तोंड ओळखू लागले. आता खिशातून फोन काढला की तो उघडलेलाच असतो. मग टेबलावरचा संगणक अजून ‘पासवर्ड टाका’ म्हणून अडून का बसतो, असं वाटणं साहजिकच आहे. विंडोजने 2015 मध्ये विंडोज 10 बरोबर ‘हॅलो’ या नावाने ही सोय दिली. अ‍ॅपलच्या मॅकमध्ये ती नाही. तिथे बोटाचा ठसा चालतो, चेहरा नाही. लिनक्समध्ये ती मिळते, पण हौशी प्रोग्रॅमरांनी बाहेरून जोडलेली.

ती सगळ्यांनीच द्यावी का? माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो: द्यावी. पण तिच्यामुळे संगणक जास्त सुरक्षित होतो असं सांगून देऊ नये, कारण बहुतेक वेळा तसं होत नाही. चेहऱ्याने लॉग-इन सुरू केलं म्हणून पासवर्डाचं किंवा पिनचं दार बुजत नाही. विंडोज हॅलो सुरू करताना आधी पिन ठरवावाच लागतो. कॅमेऱ्याने ओळखलं नाही की यंत्र तोच पिन मागतं. घराला पुढचं दार होतंच, आता बाजूला आणखी एक दार पाडलं, असा हा प्रकार आहे. पुढच्या दाराला ‘1234’चं कुलूप असेल तर बाजूचं दार कितीही भक्कम असून उपयोग काय?

फायदा आहे, पण तो दुसरीकडे. दर वेळी लांबलचक पासवर्ड टाकायचा कंटाळा येतो म्हणून लोक संगणक उघडा टाकून चहाला जातात. कुलूप उघडायला क्षणभरच लागणार असेल, तर माणूस ते लावायला तयार होतो, आणि मागचा पासवर्डही लांब ठेवू शकतो. चेहऱ्याच्या लॉग-इनचा खरा युक्तिवाद एवढाच आहे, आणि तो दमदार आहे.

आता कॅमेऱ्याकडे येऊ, कारण डेस्कटॉपची गोची इथेच आहे.

साधा वेबकॅम माणसाला जे दिसतं तेच बघतो, त्यामुळे फोटो आणि चेहरा यांतला फरक त्याला भरवशाने करता येत नाही. म्हणून विंडोज हॅलोने पहिल्यापासून इन्फ्रारेड कॅमेरा मागितला. हा कॅमेरा स्वतःच एक अदृश्य प्रकाश चेहऱ्यावर टाकतो आणि परत येणारी प्रतिमा टिपतो. मोबाइलच्या पडद्यावर कुणाचा फोटो दाखवला तर त्याला तिथे चेहरा दिसत नाही, कारण पडद्यातून त्या जातीचा प्रकाश निघतच नाही. खोलीतला उजेड कमी-जास्त झाला तरी काम अडत नाही. अ‍ॅपलने याच्या पुढे जाऊन फोनमध्ये 30,000हून जास्त अदृश्य ठिपके चेहऱ्यावर टाकून नाकाडोळ्यांचे उंचसखल भाग मोजायची युक्ती बसवली.

इन्फ्रारेडनेही सगळं भागलं नाही. 2017च्या डिसेंबरात जर्मनीतल्या एसवायएसएस या सुरक्षा कंपनीच्या दोघांनी माणसाचा फोटोच इन्फ्रारेडमध्ये काढला, त्यात थोडे फेरफार केले, साध्या कागदावर छापला आणि विंडोज हॅलोपुढे धरला. काही आवृत्त्यांत दार उघडलं. यातली खरी मेख पुढे होती. मायक्रोसॉफ्टने तोवर नव्या आवृत्तीत बचाव घट्ट केला होता, पण ज्यांनी जुन्या आवृत्तीत आपला चेहरा नोंदवला होता त्यांना नुसतं अपडेट करून संरक्षण मिळत नव्हतं. चेहरा पुसून पुन्हा नोंदवावा लागत होता. अपडेट झालं म्हणजे निश्चिंत, असं समजणाऱ्या किती जणांनी ते केलं असेल, याचा अंदाज आपल्या ओळखीच्या चार माणसांकडे बघून बांधता येईल.

पण डेस्कटॉपच्या दृष्टीने सगळ्यात बोलका प्रयोग 2021चा. सायबरआर्क या कंपनीच्या प्रयोगशाळेतल्या संशोधकाने मुखवटा केला नाही की फोटो छापला नाही. त्याने यूएसबीला लागणारं एक छोटं उपकरण बनवलं. ते संगणकाला सांगायचं, ‘मी कॅमेरा आहे.’ संगणकाने विश्वास ठेवला. मग त्या खोट्या कॅमेऱ्याने मालकाच्या चेहऱ्याची एक इन्फ्रारेड प्रतिमा पाठवली आणि सोबत साध्या कॅमेऱ्याची म्हणून एक निव्वळ काळी चौकट. तेवढ्यावर लॉग-इन झालं. मायक्रोसॉफ्टने त्या जुलैत दुरुस्ती काढली.

या प्रयोगाने दाखवलेली भेग चेहरा ओळखणाऱ्या गणितातली नाही, कॅमेरा आणि यंत्र यांच्यामधल्या वायरीतली आहे. फोनमध्ये कॅमेरा, चिप आणि सॉफ्टवेअर एकाच कंपनीने एकाच पेटीत बंद केलेलं असतं, आणि त्यांची एकमेकांशी ओळख कारखान्यातच पक्की होते. लॅपटॉपमध्येही कॅमेरा निदान पडद्याच्या चौकटीत बसवलेला असतो. डेस्कटॉपचं मात्र सगळं जुळवाजुळवीचं काम. पेटी एका कंपनीची, पडदा दुसरीचा, कीबोर्ड तिसरीचा, आणि वेबकॅम करोनाच्या काळात मुलांच्या ऑनलाइन शाळेसाठी घाईघाईत घेतलेला. अशा यंत्राने ‘माझ्यापुढे कोण बसलंय’ हे ठरवताना ‘मला हे कोण सांगतंय’ हाही प्रश्न विचारायला हवा. मायक्रोसॉफ्टने कॅमेऱ्यापासून चिपपर्यंतची वाट संरक्षित करणारी कडक व्यवस्था आणली, पण बाहेरून जोडलेले कॅमेरे तिच्यात बसत नव्हते. म्हणजे ज्याला गरज सर्वांत जास्त, तोच दाराबाहेर.

अ‍ॅपलने बाहेरच्या कीबोर्डवर बोटाच्या ठशाचं बटण द्यायला 2021 साल उजाडलं, त्याचं कारण मला हेच दिसतं. त्या कीबोर्डची मॅकमधल्या सुरक्षा-चिपशी जोडी जमवावी लागते, जोडी जमवताना मॅकचं पॉवर बटण दाबून दुजोरा द्यावा लागतो, आणि हे सगळं अ‍ॅपलच्या स्वतःच्या चिपवर चालणाऱ्या मॅकवरच चालतं. बाजारातून कुठलाही कीबोर्ड आणला आणि ठसा दिला, असं तिथे होत नाही. ही अरेरावी आहे की काळजी? दोन्ही. पण सायबरआर्कचा प्रयोग वाचल्यावर त्या अरेरावीबद्दल माझी तक्रार बरीच मवाळ झाली.

2025च्या एप्रिलमध्ये आणखी एक गंमत झाली. फसवणुकीचा एक नवा मार्ग सापडल्यावर मायक्रोसॉफ्टने नियम बदलला: आता इन्फ्रारेडबरोबर रंगीत कॅमेऱ्यालाही चेहरा दिसला पाहिजे. परिणाम असा, की अंधाऱ्या खोलीत विंडोज हॅलो माणसाला ओळखेनासं झालं. ज्या गुणाचं इतकी वर्षं कौतुक झालं तोच गेला. लोकांनी काय करावं? काहींनी सेटिंगमध्ये जाऊन रंगीत कॅमेराच बंद करून टाकला, म्हणजे यंत्र पुन्हा नुसत्या इन्फ्रारेडवर चालेल. सुरक्षेची दुरुस्ती सोयीसाठी काढून ठेवायची ही वृत्ती जुनीच, पासवर्डाइतकी जुनी.

आणि पासवर्डाची जन्मकथा तर फारच मासलेवाईक आहे. 1960च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत एमआयटीमध्ये फर्नांडो कोरबातो यांच्या चमूने अनेकांनी एकाच वेळी वापरायचा संगणक उभा केला. यंत्र एक, माणसं पुष्कळ, प्रत्येकाच्या फायली वेगळ्या आणि प्रत्येकाला ठरावीक वेळ. म्हणून प्रत्येकाला पासवर्ड. 1962 मध्ये अ‍ॅलन शेर या विद्यार्थ्याला आपल्या वाटचा वेळ पुरेना, तेव्हा त्याने सगळ्यांच्या पासवर्डांची फाइलच छापून घेतली आणि दुसऱ्यांच्या नावावर काम सुरू केलं. म्हणजे पासवर्ड आला त्याच सुमारास त्याची चोरीही आली. त्यातही लक्षात ठेवण्यासारखं हे, की चोर बाहेरचा नव्हता, शेजारच्या टेबलावरचा होता.

आपल्याकडच्या कचेऱ्यांत आजही तोच पेच आहे. बँकेत किंवा पतसंस्थेत व्यवहार नोंदवणारा एक आणि मंजूर करणारा दुसरा, अशी ‘मेकर-चेकर’ पद्धत असते. एकाच्या हातात सगळं जाऊ नये म्हणून ती आहे. पण चेकरसाहेब बाहेर गेलेले असतात, काउंटरवर रांग वाढते, आणि साहेबांचा पासवर्ड कारकुनाला ठाऊक असतो. त्यात कुणाची लबाडी असतेच असं नाही. बहुतेक वेळा ती निव्वळ अडचण असते. लोकांचं काम खोळंबू नये म्हणून चांगली माणसंच हे करतात. कागदावर दोघांनी तपासलेला व्यवहार प्रत्यक्षात एकाच माणसाच्या बोटांनी झालेला असतो, आणि घोटाळा झाला की साहेब म्हणतात, मी तर जागेवर नव्हतोच.

इथे चेहऱ्याचं लॉग-इन कामाचं आहे, हे मान्य करायला हवं. पासवर्ड कानात सांगता येतो, चेहरा उसना देता येत नाही. मंजुरीच्या वेळी साहेबांना खुर्चीत यावंच लागेल. पण त्यासाठी पिनची वाट तिथे बंद किंवा कडक करावी लागेल, नाहीतर उद्या पासवर्डाऐवजी पिन सांगितला जाईल. आणि साहेब रजेवर असताना काम कसं चालायचं, याचं उत्तर संगणकाच्या नव्हे, संस्थेच्या नियमांत लिहावं लागेल.

याची मर्यादा पुण्यात बघायला मिळते. 2018च्या ऑगस्टमध्ये कॉसमॉस बँकेवर हल्ला झाला आणि सुमारे 94 कोटी रुपये गेले. चोर कुठल्याही शाखेतल्या संगणकापुढे येऊन बसले नव्हते. एटीएमचे व्यवहार तपासणारी यंत्रणा बाजूला सारून त्यांनी मध्ये आपली बनावट यंत्रणा घुसवली. ती प्रत्येक मागणीला ‘द्या पैसे’ म्हणत होती. मग बनावट कार्डं घेऊन 28 देशांतल्या एटीएममधून रकमा उचलल्या गेल्या, आणि दोन दिवसांनी बँकांच्या ‘स्विफ्ट’ या आंतरराष्ट्रीय जाळ्यातून जवळपास 14 कोटी हाँगकाँगला वळते झाले. त्या बँकेतल्या प्रत्येक टेबलावर उत्तमोत्तम कॅमेरे असते तरी या चोरीतला रुपयाही वाचला नसता. तोंड बघणारं यंत्र समोर बसलेल्याला अडवतं. तारेतून येणाऱ्याला तोंडच नसतं.

आकडे काय म्हणतात? मायक्रोसॉफ्टच्या निकषानुसार परक्या माणसाला चुकून आत घेण्याचं प्रमाण लाखात एकापेक्षा कमी असावं लागतं. फेस आयडीबद्दल अ‍ॅपल दहा लाखांत एक म्हणते, आणि जुळी भावंडं, एकमेकांसारखी दिसणारी सख्खी भावंडं व 13 वर्षांखालची मुलं यांच्या बाबतीत ही शक्यता वाढते हेही सांगते. लाखात एक हा आकडा ऐकायला भरभक्कम आहे, आणि घरच्या किंवा कचेरीच्या टेबलासाठी पुरेसाही. तुमच्या संगणकापुढे लाख परके लोक रांगेने येऊन बसणार नाहीत. येऊन बसेल तो धाकटा भाऊ.

पण हा आकडा सगळ्या चेहऱ्यांना सारखा लागू पडतो का? 2009च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या एका दुकानातल्या दोन सहकाऱ्यांची चित्रफीत यूट्यूबवर गाजली होती. एचपीच्या संगणकाचा कॅमेरा चेहऱ्यामागे फिरतो अशी जाहिरात होती. गोरी सहकारी समोर आली की तो तिच्याबरोबर फिरायचा; कृष्णवर्णीय सहकारी आला की ढिम्म. कंपनीने उजेडाकडे बोट दाखवलं. दहा वर्षांनी, 2019च्या डिसेंबरात, अमेरिकेच्या निस्ट या प्रमाण ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने 189 प्रणाली तपासून जे छापलं ते जास्त गंभीर होतं. एकास एक पडताळणीत, म्हणजे लॉग-इनमध्ये होते तशाच तुलनेत, आशियाई आणि कृष्णवर्णीय चेहऱ्यांच्या बाबतीत परक्याला आपला समजण्याची चूक गोऱ्या चेहऱ्यांच्या तुलनेत कित्येक प्रणालींत 10 ते 100 पट होती. सगळ्याच प्रणाली इतक्या वाईट नव्हत्या. चीनमध्ये बनलेल्या काहींत पूर्व आशियाई चेहऱ्यांबाबत हा फरक दिसला नाही. यंत्राला लहानपणापासून कुणाची तोंडं दाखवली, यावर पुष्कळ अवलंबून असतं. लाखात एकाचा दावा करणाऱ्या प्रत्येक कंपनीला आपल्या इथल्या ग्राहकाने विचारावं: कुणाच्या लाखात?

पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो, चेहरा कसा बदलणार, हा आक्षेप हमखास येतो. तो अर्धा खरा आहे. विंडोज हॅलो किंवा फेस आयडी यांत चेहऱ्याचं गणिती रूप त्या यंत्रातच राहतं, कंपनीच्या सर्व्हरवर जात नाही. वेबसाइटसाठी हीच सोय ‘पासकी’ म्हणून वापरली तरी चेहरा फक्त यंत्रातली किल्ली मोकळी करतो; वेबसाइटला तो दिसतही नाही. भीती आहे ती चेहरे एका जागी गोळा करणाऱ्या व्यवस्थेची. 2019 मध्ये बायोस्टार-2 या प्रवेश-नियंत्रण प्रणालीचा साठा इंटरनेटवर उघडा पडलेला सापडला. त्यात दहा लाखांहून जास्त लोकांचे बोटांचे ठसे होते, शिवाय चेहऱ्यांची माहितीही. कार्यालयांच्या दारावर बसवतात ती ही जात. म्हणून कचेरीत कुणी ‘चेहऱ्याने लॉग-इन’ आणतोय म्हणाला, तर पहिला प्रश्न हा विचारावा की चेहरा या टेबलावरच्या यंत्रात राहणार की वरच्या मजल्यावरच्या सर्व्हरमध्ये.

हा प्रश्न विचारायची हिंमत कारकुनाला होईल का, ही वेगळी गोष्ट. फोन माझा असतो, कचेरीतला डेस्कटॉप माझा नसतो, आणि मला वाटतं फोनवरची सोय टेबलावर आणताना सगळ्यात मोठा फरक हाच पडतो. फोनवर चेहरा नोंदवायचा की नाही ते मी ठरवतो. कचेरीत ते ठरवणारा वेगळा आणि चेहरा देणारा वेगळा. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा 2023चा कायदा माहिती घेण्याआधी संमती मागतो खरा, पण नोकरीच्या कारणासाठी आणि मालकाचं नुकसान टाळण्यासाठी माहिती वापरायची असेल तर संमतीशिवायची वाटही त्याच्या सातव्या कलमात ठेवलेली आहे. त्या वाटेने काय काय जाईल ते न्यायालयांत ठरेल तेव्हा ठरेल.

पर्याय सक्तीत कसा बदलतो ते अंगणवाडी सेविकांना विचारा. पोषण ट्रॅकर हे अ‍ॅप नोंदी ठेवायला आलं. मग त्यात चेहरा ओळखण्याची सोय आली, आणि 2025 मध्ये घरी न्यायचा पोषण आहार देताना लाभार्थी बाईचा चेहरा जुळवणं बंधनकारक झालं. नेटवर्क नाही, फोन जुना, बाई माहेरी गेलेली, आणि पाकीट मात्र चेहऱ्याविना देता येत नाही. सेविकांनी आंदोलनं केली. डेस्कटॉपवरच्या लॉग-इनचा याच्याशी काय संबंध, असं कुणी म्हणेल. तंत्र तेच आहे, फक्त हुकूम कुणाचा हे बदललं आहे. जो कॅमेरा सकाळी ‘या, ओळखलं’ म्हणतो, तोच दिवसभर तुम्ही जागेवर आहात का हेही सांगू शकतो. माणूस उठून गेला की आपोआप कुलूप लावणारी सोय नव्या विंडोज संगणकांत आलेलीच आहे. कुलपासाठी ती चांगली. हजेरीपटाला जोडली की काय होईल ते सांगायला नको.

कायद्याचा आणखी एक धागा थेट मुंबईला येऊन मिळतो. आरोपीला स्वतःविरुद्ध साक्षीदार व्हायला भाग पाडता येणार नाही, असं राज्यघटनेचं अनुच्छेद 20(3) सांगतं. मग बोटांचे ठसे घेणं म्हणजे साक्ष घेणं का? ‘मुंबई राज्य विरुद्ध काठी कालू ओघड’ या खटल्यात 1961 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या 11 न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितलं, नाही. ठसा किंवा हस्ताक्षराचा नमुना देणं म्हणजे स्वतःच्या माहितीतलं काही उघड करणं नव्हे. त्या तर्काने चेहरा ठशाच्या रांगेत बसतो आणि पासवर्ड डोक्यातल्या माहितीच्या. 2022 मध्ये दिल्लीतल्या सीबीआयच्या विशेष न्यायालयाने आरोपीला पासवर्ड सांगायला भाग पाडता येणार नाही असं म्हटलं. त्याच्या आदल्या वर्षी कर्नाटक उच्च न्यायालयाने पासवर्ड देणं ही साक्ष ठरत नाही असा कौल दिला होता. चित्र धूसर आहे. पण पत्रकाराने, वकिलाने, कामगार संघटनेच्या कार्यकर्त्याने आपला संगणक चेहऱ्यावर उघडा ठेवावा का, याचं उत्तर मला धूसर वाटत नाही. ठेवू नये. पोलिसांना पासवर्डासाठी तुमच्याशी बोलावं लागतं. चेहऱ्यासाठी पडदा तुमच्यासमोर धरला की झालं.

मग ही सोय द्यावी असं मी का म्हणतो? कारण ज्यांना ती हवी आहे त्यांची गरज खरी आहे. संधिवाताने बोटं वाकलेल्या माणसाला दिवसातून अनेकदा बारा अक्षरी पासवर्ड टाइप करणं ही शिक्षा असते. कंपवाताच्या रुग्णाला तर पिनचे आकडेही धड दाबता येत नाहीत. पक्षाघातानंतर एका हाताने कीबोर्ड चालवणारे, पासवर्ड आठवत नाही म्हणून स्वतःच्या पत्रव्यवहारापासून तुटलेले वृद्ध, अशांचा विचार सुरक्षातज्ज्ञांच्या परिषदांत क्वचित होतो. निवृत्तिवेतनधारकांना दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो बोटाच्या ठशावर घेताना वयाने झिजलेले ठसे यंत्राला लागत नसत. 2021च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारने चेहऱ्यावर दाखला द्यायची सोय केली आणि कित्येक आजी-आजोबांची बँकेतली खेप वाचली. जे तंत्र अंगणवाडीत अडवतं तेच इथे सोडवतं. इथे बँकेत जाऊन दाखला द्यायची जुनी वाट चालू राहिली; तिथे दुसरी वाट ठेवली नाही.

लिनक्सवाल्यांचा मार्ग मला या बाबतीत सर्वांत प्रांजळ वाटतो. तिथे ‘हाउडी’ नावाचा एक मुक्त प्रोग्रॅम 2018 पासून उपलब्ध आहे. कुणाला आत घ्यायचं हे ठरवणाऱ्या लिनक्सच्या साखळीत तो आपली एक कडी अडकवतो. चेहरा जुळला तर आत, नाहीतर नेहमीचा पासवर्ड. तो तयार करणाऱ्यांनीच माहितीपत्रकात बजावून ठेवलं आहे की हे कधीच पासवर्डाइतकं सुरक्षित होणार नाही, तुमच्यासारखा दिसणारा माणूस किंवा चांगला छापलेला फोटोही त्याला फसवू शकेल. आपल्याच मालाबद्दल इतकं स्वच्छ लिहिणारी मोठी कंपनी माझ्या पाहण्यात नाही. उबुंटू किंवा फेडोरा या लिनक्सच्या अवतारांच्या सेटिंगमध्ये बोटाच्या ठशाची जागा असते. चेहऱ्याची तशी जागा त्यांनी करून द्यावी, पण ती इन्फ्रारेड कॅमेरा असल्याशिवाय उघडू नये. साध्या वेबकॅमवर चेहरा ओळखणं म्हणजे 2009च्या परिषदेतली फजिती नव्याने विकत घेणं.

एक बारीकशी अडचण मात्र कुठल्याही कॅमेऱ्याने सुटत नाही, ती म्हणजे चिकटपट्टी. 2016 मध्ये मार्क झुकरबर्ग यांच्या एका फोटोत मागच्या लॅपटॉपचा कॅमेरा पट्टीने झाकलेला दिसला आणि जगभर त्याची चर्चा झाली. तेव्हापासून कॅमेऱ्यावर काहीतरी चिकटवणाऱ्यांची संख्या वाढलीच असावी. कंपन्याही कॅमेऱ्यापुढे सरकतं झाकण देऊ लागल्या. आता ज्याने अविश्वासाने झाकण ओढलं त्यालाच लॉग-इनसाठी ते दर वेळी सारावं लागणार. लॅपटॉप मिटून मोठ्या पडद्याला जोडणाऱ्यांचा कॅमेरा तर मिटलेल्या झाकणाआडच असतो. अशांना ठशाचं बटण किंवा यूएसबीची सुरक्षा-किल्ली बरी.

हाउडी मी माझ्या जुन्या लॅपटॉपवर लावून पाहिला. उजेडात तो चटकन ओळखतो, संध्याकाळी खिडकी पाठीशी असली की कुरकुरतो. पण गंमत आत गेल्यावर आहे. लिनक्समध्ये तुमचे वायफाय, मेल वगैरेंचे पासवर्ड एका तिजोरीत कुलूपबंद असतात, आणि त्या तिजोरीची किल्ली तुमच्या लॉग-इनच्या पासवर्डातून बनते. चेहऱ्याने आत गेलात तर पासवर्ड टाइप झालेलाच नसतो, म्हणून किल्लीही नसते. मग पडद्यावर तिजोरीचा चौकोन येतो आणि पासवर्ड मागतो. इंटरनेटवर हे टाळण्याचे बरेच उपाय सांगितलेले आहेत. तिजोरीचा पासवर्ड कोरा ठेवा, असंही सुचवणारे आहेत. मी तसं काही केलेलं नाही. संगणक चालू केल्यावर एकदा पासवर्ड टाकतो, मग दिवसभर चहाला उठताना कुलूप लावतो आणि परत आल्यावर तोंड दाखवतो. आयफोनही बंद करून पुन्हा चालू केला की पहिल्यांदा आकडेच मागतो, चेहरा चालवून घेत नाही. विंडोजने हा नियम उचलायला हरकत नाही.